लाइट गेली की टेबल गायब : नेटबीन्स, मायएसक्यूएल आणि ३३०६ वरचे दोन सर्व्हर

पावसाळा लागला की आमच्या लॅबमध्ये ही तक्रार येतेच. लाइट जाते, येते, मशीन सुरू होतं, विद्यार्थी नेटबीन्स (जावाचे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) उघडतो आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये काल संध्याकाळपर्यंत असलेलं टेबल आज तिथे नसतं. कधी टेबल असतं, पण रूटचा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य यूजरचा, पासवर्ड चालत नाही. कधी पासवर्ड चालतो, टेबलही दिसतं, फक्त शेवटच्या चाळीस-पन्नास नोंदी नसतात. मग पुन्हा कधीतरी लाइट जाते आणि कुणी काही न करता सगळं जिथल्या तिथे परत येतं. परत येतं म्हणूनच कुणी खोलात जात नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच.

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात बीसीएची लॅब सांभाळते. या दुखण्याचं मूळ सापडायला मला फार वेळ लागला आणि त्या वेळात एका मुलीचं बरंच काम दुप्पट झालं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घाईत असाल तर आधी एवढं करा. नेटबीन्समध्ये कंट्रोल आणि ५ दाबून सर्व्हिसेस टॅब उघडा. डेटाबेसेसखाली तुमच्या कनेक्शनवर राइट क्लिक करून एक्झिक्यूट कमांड निवडा आणि सर्व्हरलाच, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या प्रोग्रामलाच, विचारा, की तुझं डेटा फोल्डर कुठलं. क्वेरी अशी : सिलेक्ट, मग जागा सोडून दोन ॲट चिन्हं, आणि त्यांना चिकटून डेटाडिर. स्वल्पविराम देऊन त्याच पद्धतीनं व्हर्जन आणि पोर्टही (सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो तो क्रमांक, बहुधा ३३०६) विचारून घ्या. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं.) आलेलं उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी टेबल गायब झालं की हीच क्वेरी पुन्हा चालवा. दोन दिवसांची उत्तरं वेगळी आली, तर तुमचं टेबल कुठेही गेलेलं नाही. तुम्ही दुसऱ्याच सर्व्हरशी बोलताय.

गणपतीच्या आधीचा महिना

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, राहायला सुदामानगरात. तिच्याकडच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात मुलांच्या स्पर्धा होतात : पाठांतर, रांगोळी, वेशभूषा, एकपात्री. नोंदणी आजवर वहीत व्हायची. हिनं प्रोजेक्ट म्हणून तेच काम घेतलं. जावात फॉर्म, मागे मायएसक्यूएल ८, नावं सगळी देवनागरीत, कारण प्रमाणपत्रावर तीच छापायची होती. मंडळाचे काका कागदावरचे अर्ज आणून देत आणि ती लॅबमध्ये बसून ते भरत असे.

एके सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, काल बाल गटाची सगळी नावं टाकली होती. आज रूट आत घेतच नाहीये."

मी जाऊन पाहिलं. ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर रूट. लॅबचा ठरलेला पासवर्ड तीनदा टाकला, नाही. सहज रिकामा ठेवून पाहिला तर आत गेले. मला वाटलं, कुणा मुलानं पासवर्ड काढून टाकलाय. मी लगेच तिथेच रूटला लॅबचा नेहमीचा पासवर्ड देऊन टाकला. टेबल मात्र नव्हतं. रात्री लाइट गेली होती, त्यात उडालं असेल असं समजून आम्ही तिच्या स्क्रिप्टवरून टेबल पुन्हा बनवलं आणि ती पुन्हा नावं भरायला बसली.

इथे माझी चूक झाली. तो पासवर्ड मी ज्याला दिला तो सर्व्हर तिचा नव्हताच. त्याच मशीनवर दुसरा सर्व्हर होता, त्याच पोर्टवर उठून बसलेला, आणि त्याच्या रूटला मुळात पासवर्डच नव्हता. दोघांचे पासवर्ड वेगळे होते हीच एक खूण आम्हाला हाका मारून सांगत होती, आणि मी ती पुसून टाकली. त्यानंतर एरर येणंच बंद झालं. जो सर्व्हर उठेल तो तिला हसत आत घ्यायचा आणि ती त्याच्यात नावं भरायची. तीन आठवड्यांत लाइट किती वेळा गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. शेवटी काकांचा फोन आला, "बेटा, यादी पाठव, पत्रिका छापायचीय," तेव्हा यादीत निम्मी मुलं नव्हती.

लाइटचा संबंध काय

लाइट गेल्यानं डेटा उडाला हा पहिला संशय सगळ्यांना येतो, पण तो पटण्यासारखा नाही. मायएसक्यूएलमधलं इनोडीबी इंजिन आधी लॉगमध्ये लिहितं, मग टेबलाच्या फाइलमध्ये. मूळ सेटिंग न बदलता ठेवली असेल तर कमिट झालेली, म्हणजे पक्की झालेली, नोंद लॉगमध्ये डिस्कवर गेलेली असते, आणि लाइट परत आल्यावर सर्व्हर उठता उठता स्वतःच दुरुस्ती करून घेतो. अर्धवट राहिलेली एखादी नोंद जाऊ शकते. अख्खं टेबल नाही.

खरा प्रकार असा होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पीएचपी असतं, त्यासाठी सगळ्या मशीनवर झॅम्प (पीएचपी, वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकलेलं आहे. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर आजही मायएसक्यूएल असंच लिहिलेलं दिसतं, पण २०१५ पासून आत असतो तो मारियाडीबी, म्हणजे ओरॅकलनं सन विकत घेण्याच्या सुमारास मायएसक्यूएलमधून फुटून निघालेला त्याचा भाऊ. दोघांची भाषा एक, पोर्ट ३३०६ एक, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसचं नावही एकच, मायएसक्यूएलडी. तिसऱ्या वर्षासाठी ओरॅकलचं मायएसक्यूएल ८ वेगळं टाकलं होतं. ते टाकताना झॅम्प बंद होतं, त्यामुळे पोर्ट अडलेलं आहे असं इन्स्टॉलरला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे कुणीतरी झॅम्पमध्येही मायएसक्यूएलसमोर सर्व्हिसची खूण करून ठेवली. म्हणजे विंडोज सुरू होताना दोन सर्व्हिसेस आपोआप उठणार आणि दोघींना ३३०६ हवं. जी आधी पोचेल तिला मिळतं, दुसरी गुपचूप बंद पडते.

मग रोज का होत नाही, लाइट गेल्यावरच का? याचं उत्तर मिळालं तेव्हा माझा सगळा गोंधळ फिटला. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असेल तर नेहमीच्या शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही. लॉगिन केलेल्या माणसाचं सगळं बंद होतं, पण कर्नल आणि सर्व्हिसेस ज्या सत्रात चालतात ते सत्र जसंच्या तसं डिस्कवर झोपवलं जातं आणि सकाळी उठवलं जातं. काल जो सर्व्हर चालू होता तोच आज चालू. लाइट अचानक गेली किंवा अपडेटनंतर रीस्टार्ट झाला, की मात्र सगळं मुळापासून सुरू होतं आणि दोन सर्व्हिसेसची शर्यत नव्यानं लागते. म्हणून आठवडाभर सगळं सुरळीत, आणि एका पावसाच्या संध्याकाळनंतर उलटापालट.

कोण बसलंय ते ओळखणं

वर सांगितलेली डेटा फोल्डरची क्वेरी ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण. आमच्याकडे एका दिवशी उत्तरात प्रोग्रामडेटामधलं मायएसक्यूएल सर्व्हर ८.० चं फोल्डर यायचं, दुसऱ्या दिवशी सी ड्राइव्हवरचं झॅम्प, त्यात मायएसक्यूएल, त्यात डेटा. व्हर्जनमध्येही फरक दिसतो. झॅम्पचा सर्व्हर आकड्यापुढे मारियाडीबी असं स्वतःचं नाव लावतो.

आत जाताच येत नसेल तर बाहेरून बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट, मग उणे चिन्ह जोडून ए-एन-ओ ही तीन अक्षरं. ३३०६ समोर लिसनिंग लिहिलेली ओळ शोधा, तिच्या शेवटी प्रोसेसचा आकडा असतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये तोच आकडा शोधा, राइट क्लिक करा, फाइलची जागा उघडा. नावावरून काही कळणार नाही हे वर सांगितलंच. फोल्डरवरून कळतं.

आणि जो सर्व्हर हरला त्याचा लॉग नक्की वाचा. मायएसक्यूएल ८ चा लॉग डेटा फोल्डरमध्ये मशीनच्या नावाची फाइल असते, शेवटी डॉट ईआरआर. झॅम्पचा मायएसक्यूएल एरर लॉग या नावानं त्याच्या डेटा फोल्डरमध्ये. त्यात सर्व्हर चक्क प्रश्न विचारतो : ३३०६ पोर्टवर तुमचा दुसरा मायएसक्यूएलडी आधीच चालू आहे का? तीन आठवडे ती ओळ तिथे होती आणि आमच्यापैकी कुणीही ती फाइल उघडली नव्हती. आता मी मुलांना पहिल्या प्रॅक्टिकललाच लॉग उघडून दाखवते.

एररचे शब्दही नीट वाचायला हवेत. कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर आलं तर बहुतेक त्या पोर्टवर कुणीच नाही, किंवा फायरवॉल आडवी आली आहे. ॲक्सेस डिनाइड आलं तर तिथे कुणीतरी आहे, त्यानं तुमचं म्हणणं ऐकलं आणि तुम्हाला ओळखलं नाही. दोन्हीवर मुलं एकच उपाय करतात, सर्व्हर पुन्हा सुरू करतात. दुसऱ्या एररसाठी तो उपाय नव्हे.

याच्यासारखी दिसणारी पण वेगळी दोन दुखणी आहेत, त्यांचाही उल्लेख करते. नोंदी जातात पण डेटा फोल्डर रोज तेच येतं, तर कोडमध्ये ऑटो कमिट बंद करून नंतर कमिट करायचं राहिलंय का ते पाहा. आणि ऑथेंटिकेशन प्लगइन लोड होत नाही, त्यात कॅशिंग शा टू असं नाव, अशी एरर असेल तर तुमचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा कनेक्टर) जुना आहे. मायएसक्यूएल ८ नं पासवर्ड तपासायची पद्धत बदलली, ५.१ च्या जुन्या कनेक्टरना ती समजत नाही. नवा कनेक्टर लावा, तिथे विषय संपतो.

नेटबीन्समधलं स्टार्ट बटण

नेटबीन्सच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये मायएसक्यूएल सर्व्हरची एक नोंद दिसते, तिच्यावर राइट क्लिक केलं की कनेक्ट, स्टार्ट, स्टॉप. बहुतेक मुलांचा समज असा, की सर्व्हर नेटबीन्सच्या आत आहे. तसं नाही. कनेक्ट म्हणजे होस्ट, पोर्ट, यूजर आणि पासवर्ड घेऊन तिथे जो कुणी बसला असेल त्याच्याशी बोलणं. स्टार्ट म्हणजे प्रॉपर्टीजच्या ॲडमिन टॅबमध्ये तुम्ही जी कमांड लिहिली असेल ती चालवणं, बास. ती कमांड कुठल्या सर्व्हरची आहे आणि कनेक्ट कुठल्या सर्व्हरला होतंय, याचा मेळ आपणच घालायचा असतो. आमच्या काही मशीनवर स्टार्टमध्ये झॅम्पच्या सर्व्हरचा रस्ता होता आणि पासवर्ड मायएसक्यूएल ८ चा.

यात आणखी एक खाच आहे. समजा तुम्ही स्टार्टच्या जागी मायएसक्यूएल ८ च्या बिन फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडीचा रस्ता बरोबर दिलात. तरी तो बहुधा उठणार नाही. इन्स्टॉलरनं टाकलेल्या मायएसक्यूएलची माय डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल आणि डेटा, दोन्ही प्रोग्रामडेटामध्ये असतात, आणि ते फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. विंडोज सर्व्हिसला ती फाइल कुठे आहे हे कमांडमध्येच सांगून ठेवलेलं असतं. नेटबीन्सनं नुसता मायएसक्यूएलडी चालवला तर त्याला त्या फाइलचा पत्ता नसतो, तो डेटा प्रोग्राम फाइल्समध्ये शोधतो, तिथे काही नसतं आणि तो बंद पडतो. उपाय म्हणजे आर्ग्युमेंट्समध्ये डिफॉल्ट्स-फाइल हा पर्याय देऊन पूर्ण रस्ता लिहिणं. तो सगळ्यांत पहिला असावा लागतो, नाहीतर मानला जात नाही, आणि रस्त्यात जागा असतात म्हणून अवतरण चिन्हं हवीत. एवढं करूनही डेटा फोल्डरवर साध्या यूजरला लिहायची परवानगी नसेल तर सर्व्हर उठत नाही.

स्टॉपचंही तसंच. तिथे नेट स्टॉप लिहून विंडोज सर्व्हिस थांबवायला गेलात तर नेटबीन्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेलं नसल्यास विंडोज सिस्टम एरर ५ देतं, परवानगी नाही. मायएसक्यूएलॲडमिन आणि शटडाउन असं दिलंत तर चालतं, कारण तिथे विंडोजची परवानगी लागत नाही, रूट यूजरची लागते. पण ते ३३०६ वर बसलेल्या सर्व्हरला थांबवतं, तो तुमचा असो वा नसो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की विंडोजवर सर्व्हर उठवणं-झोपवणं सर्व्हिसकडे राहू द्या आणि नेटबीन्समधून फक्त कनेक्ट करा. टेबल बघा, क्वेरी चालवा, डेटाबेस बनवा, सगळं तिथून करा, स्टार्ट आणि स्टॉपला हात लावू नका. सर्व्हरला उठवणारे दोघे-तिघे झाले की कुणी काय केलं याचा माग लागत नाही. ज्यांना नेटबीन्समधूनच उठवायचा आहे त्यांनी सर्व्हिस आधी डिसेबल करावी. दोन्ही एकदम ठेवू नका.

आम्ही काय केलं

आधी बॅकअप, तोही दोन्ही सर्व्हरचा. जो चालू होता त्याचा घेतला, मग सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडून त्याला थांबवलं, दुसरा उठवला, त्याचा घेतला. इथे एक धोका सांगते, देवनागरी डेटा असणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखा. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची नक्कल, म्हणजे डंप, काढणारी कमांड) पॉवरशेलमध्ये चालवून बाण काढून फाइलमध्ये वळवलात तर विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ती फाइल यूटीएफ १६ मध्ये लिहितं आणि मायएसक्यूएल ती नीट परत घेत नाही. बाण वापरू नका. रिझल्ट-फाइल हा पर्याय देऊन फाइलचं नाव द्या, म्हणजे डंप स्वतः ती लिहितो. फाइल झाली की नोटपॅडमध्ये उघडून दोन-चार नावं डोळ्यांनी वाचा. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर पुढे जाऊ नका. प्रश्नचिन्ह म्हणून साठलेलं अक्षर परत मिळत नाही.

मग ठरवलं, की ३३०६ मायएसक्यूएल ८ चं. झॅम्पला ३३०७ दिलं. त्याच्या माय डॉट आयएनआयमध्ये पोर्ट दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, क्लायंटच्या भागात आणि मायएसक्यूएलडीच्या भागात, दोन्ही बदलावे लागतात. पीएचपीमायॲडमिनच्या (ब्राउझरमधून डेटाबेस बघायच्या साधनाच्या) कॉन्फिगमध्येही नवं पोर्ट टाकलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्षाची मुलं दारात उभी राहिली असती. झॅम्पची सर्व्हिस ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल केली. दोन्ही सर्व्हर एकत्र सुरू करून पाहिले आणि पहिल्यांदा दोन्ही नांदले.

आता त्या मुलीच्या नोंदी. एकाच यादीचे दोन तुकडे दोन सर्व्हरमध्ये होते आणि दोन्हीकडे आपोआप वाढणारे क्रमांक स्वतंत्र चालले होते. ११८ क्रमांकावर इकडे रांगोळीतली एक मुलगी, तिकडे पाठांतरातला एक मुलगा. सहभागाचं दुसरं टेबल त्या क्रमांकांवर टेकलेलं. डंप सरळ वर ओतला असता तर कुणाची स्पर्धा कुणाच्या नावावर गेली असती.

म्हणून झॅम्पचा डंप मायएसक्यूएल ८ मध्ये वेगळ्या नावाच्या नव्या डेटाबेसमध्ये घेतला. एकाच डेटाबेसचा साधा डंप घेतला असेल तर त्यात डेटाबेसचं नाव नसतं, त्यामुळे हे जमतं. उलट दिशेनं, म्हणजे ८ मधून झॅम्पमधल्या मारियाडीबी १०.४ कडे गेलात तर मायएसक्यूएल ८ ची नवी कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायची पद्धत) त्याला माहीत नसते आणि अननोन कोलेशन म्हणून तो अडतो. मग मुख्य टेबलाला जुना क्रमांक नावाचा एक जादा रकाना जोडला. नव्या डेटाबेसमधून नोंदी आणताना क्रमांक मुद्दाम आणला नाही, तो सर्व्हरला देऊ दिला, आणि मूळ क्रमांक त्या जादा रकान्यात ठेवला. सहभागाच्या नोंदी त्या रकान्याच्या आधारानं नव्या क्रमांकाला जोडल्या. सगळं जुळल्यावर रकाना काढून टाकला.

दुप्पट झालेली मुलं नावावरून शोधू नका. तीच मुलगी एकदा श्रीया आणि एकदा श्रिया अशी भरलेली होती. पालकांचा फोन आणि जन्मतारीख मिळून शोधलं तेव्हा दुप्पट नोंदी बाहेर आल्या. जुळी भावंडं तेवढी हातानं तपासली. त्या दिवशी आम्ही दोघी संध्याकाळी उशिरापर्यंत बसलो होतो आणि तिच्या आईनं डबा पाठवला होता.

हे मात्र करू नका

सर्व्हर उठत नाही म्हणून डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ ही फाइल काढून टाका, असा सल्ला मुलं कुठून कुठून वाचून येतात. कृपा करून करू नका. झॅम्पमधल्या मारियाडीबीत इनोडीबी टेबलांची अंतर्गत यादी त्या फाइलमध्ये असते. ती गेली की टेबलांच्या फाइल्स डिस्कवर दिसत राहतात पण सर्व्हरला त्या ओळखता येत नाहीत. आमच्याच लॅबमधल्या एका मुलाचं पूर्ण सत्राचं काम असं गेलं. सर्व्हर तेव्हा फक्त पोर्ट अडलं म्हणून उठत नव्हता, फाइलला काहीही झालेलं नव्हतं. काही हलवायचंच असेल तर सर्व्हर थांबवून अख्खं डेटा फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करा.

पत्ता तीन जागी असतो

पोर्ट बदलल्यावर पुन्हा तक्रारी आल्या, त्याचं कारण हे. नेटबीन्समध्ये मायएसक्यूएल सर्व्हरच्या नोंदीत एक पत्ता असतो. त्याखालच्या प्रत्येक डेटाबेस कनेक्शनला स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा साठवलेला पासवर्ड असतो, सर्व्हरच्या नोंदीत बदल केला म्हणून तो बदलत नाही. आणि तिसरा पत्ता तुमच्या कोडमध्ये, जेडीबीसीच्या ओळीत किंवा पर्सिस्टन्स फाइलमध्ये. सर्व्हिसेस टॅबमध्ये टेबल दिसतंय पण प्रोग्राम चालवला की रिकामी यादी येते, असं झालं तर पहिल्या दोन आणि तिसऱ्या पत्त्यात फरक आहे. जुनी कनेक्शन्स सरळ काढून टाका आणि नवी करा.

तसंच, प्रोग्रामसाठी रूट वापरणं सोडा. प्रोजेक्टच्या नावाचा एक यूजर बनवा, त्याला त्या एका डेटाबेसपुरते हक्क द्या. चुकीचा सर्व्हर उठला तर तिथे तो यूजर नसतो, आणि प्रोग्राम पहिल्याच क्षणी एरर देऊन थांबतो. आमच्याकडे हे आधीपासून असतं तर तीन आठवड्यांच्या नोंदी दोन ठिकाणी गेल्या नसत्या.

उबुंटूवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे टर्मिनलमधला मायएसक्यूएल लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, म्हटलं की पोर्टवर जातच नाही, सॉकेट फाइलमधून बोलतो, आणि तुम्ही दिलेला पोर्टचा आकडा दुर्लक्षित राहतो. नेटबीन्स जावातून पोर्टवरच जातं. त्यामुळे टर्मिनलमध्ये एक सर्व्हर आणि नेटबीन्समध्ये दुसरा, असं एकाच वेळी होऊ शकतं. पडताळायचं असेल तर टर्मिनलमध्ये लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहा. शिवाय उबुंटूच्या पॅकेजमधल्या मायएसक्यूएलमध्ये रूटला पासवर्ड नसून सिस्टमच्या रूट यूजरवरून ओळखलं जातं, म्हणून सुडो लावून टर्मिनलमध्ये जाता येतं आणि नेटबीन्समधून कधीच नाही. रूटची ती व्यवस्था मोडू नका, नेटबीन्ससाठी वेगळा यूजर करा.

एक्लिप्स, इंटेलिजे किंवा व्हीएस कोड वापरत असाल तर मेनूंची नावं बदलतील, पोर्टची गोष्ट तीच राहील.

सगळं लावून झाल्यावर तपासायचं कसं, तर शटडाउन करून नाही. फास्ट स्टार्टअपमुळे त्यातून काहीच कळत नाही. रीस्टार्ट करा, लागोपाठ चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी डेटा फोल्डरची क्वेरी चालवा. आमच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर आता कॅबिनेटला चिठ्ठी चिकटवलेली आहे : ३३०६ मायएसक्यूएल ८, ३३०७ झॅम्प. नवीन मशीन आलं की मी चिठ्ठी आधी लावते, सॉफ्टवेअर नंतर.